अर्धवट शिक्षणाची किंमत: कोण मोजतं, कधी मोजतं

प्रौढ साक्षरतेच्या रात्रवर्गात मी काही वर्षं शिकवायला जात होते. तिथे एक गृहस्थ यायचे. वय ४७, एका मोठ्या गोदामात २२ वर्षं नोकरी. कुठला माल कुठल्या फळीवर आहे, कुठली पेटी आधी हलवायची, कुठल्या गाडीत किती मावेल, हे सगळं त्यांना तोंडपाठ. मालकाने त्यांना दोनदा मुकादम व्हायला सांगितलं होतं. दोन्ही वेळा त्यांनी "ती डोकेदुखी मला नको" म्हणून टाळलं. खरं कारण त्यांनी वर्गात आल्यावर तिसऱ्या महिन्यात सांगितलं. मुकादमाला रोज संध्याकाळी आवक-जावक रजिस्टर भरावं लागतं. त्यांना सही करता यायची, आकडे ओळखता यायचे, पण सलग एक ओळ लिहिता येत नव्हती. शाळा चौथीपर्यंत झालेली. कुणी कागद पुढे केला की "चष्मा घरी राहिला" हे उत्तर तयार असायचं. त्यांना चष्मा लागलेलाच नव्हता.

हा प्रसंग इतक्या तपशिलात सांगण्याचं कारण असं की अपुऱ्या शिक्षणामुळे होणारं नुकसान नेमकं असंच होतं, कुणाला न दिसता. त्या गृहस्थांचा पगार वाढला असता, तो वाढला नाही. मालकाने बाहेरून माणूस आणला, त्याला माल समजायलाच बरेच महिने गेले. वाढीव पगारावर जो कर गेला असता, तो गेला नाही. एवढं सगळं झालं, पण त्याची नोंद कुठल्याही वहीत नाही. चोरी झाली की तक्रार होते, आग लागली की पंचनामा होतो. न झालेल्या कमाईचा पंचनामा कोण करणार?

अर्थशास्त्रज्ञांनी तो करायचा प्रयत्न केला आहे. त्यांची मूळ कल्पना साधी आहे. यंत्रात पैसे घातले की ते पुढची अनेक वर्षं उत्पादन देतं, तसंच माणसाच्या शिकण्यात घातलेला वेळ आणि पैसाही पुढची अनेक वर्षं फळ देतो. याला ‘मानवी भांडवल’ म्हणतात. थिओडोर शुल्ट्झ आणि गॅरी बेकर यांनी १९६० च्या सुमारास ही कल्पना नीट मांडली. शुल्ट्झ यांना १९७९ मध्ये आणि बेकर यांना १९९२ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. माणसाला भांडवल म्हणणं सुरुवातीला अनेकांना खटकलं होतं, आणि मला ते खटकणं समजतं. शिक्षण पैशासाठी नसतं हे खरंच आहे. पण ते नसलं तर पैशाचंही नुकसान होतं हेही तितकंच खरं आहे, आणि ज्यांच्या हातात तिजोरीच्या किल्ल्या असतात त्यांना ही दुसरी भाषा लवकर कळते.

आता आकडे बघू. जगभरातल्या शेकडो अभ्यासांची गोळाबेरीज केली तर शाळेचं एक जादा वर्ष माणसाची कमाई सरासरी ९ टक्क्यांच्या आसपास वाढवतं. देशानुसार हे कमीजास्त होतं. नऊ टक्के ऐकायला फार वाटत नाहीत. पण हे चक्रवाढीने वाढतं. समजा, आठवीला शाळा सोडलेला माणूस १०० कमावतो. बारावीपर्यंत शिकलेला, म्हणजे चार वर्षं जास्त, सरासरी १४१ कमावेल. हा फरक एका महिन्याचा नाही, तो पुढची चाळीस वर्षं दरमहा पडत राहतो. पगारवाढ टक्क्यांत मिळत असेल तर मूळ रकमेतला फरकही वर्षागणिक रुंदावतो. शिवाय मंदी आली की आधी घरी बसवलं जातं ते कमी शिकलेल्याला, आणि पुन्हा काम मिळायलाही त्यालाच जास्त दिवस लागतात.

इथे एक रास्त शंका येते. जास्त शिकणारी मुलं मुळातच हुशार किंवा सुस्थितीतल्या घरची असतील तर? मग त्यांची जास्त कमाई शाळेमुळे कशावरून? ही शंका झटकून टाकण्यासारखी नाही. ती तपासायची तर असा प्रसंग शोधावा लागतो, जिथे मुलांना शाळा मिळाली ती त्यांच्या हुशारीमुळे किंवा घरच्या परिस्थितीमुळे नाही, तर निव्वळ योगायोगाने. असा प्रसंग इंडोनेशियात सापडला. सत्तरच्या दशकात तेलाचे भाव वाढले, सरकारकडे पैसा आला आणि १९७३-७४ ते १९७८-७९ या काळात तिथे ६१ हजारांहून अधिक प्राथमिक शाळा बांधल्या गेल्या. काही जिल्ह्यांत जास्त, काही जिल्ह्यांत कमी. त्याच जिल्ह्यातली थोडी मोठी मुलं मात्र तोपर्यंत शाळेच्या वयातून बाहेर पडली होती. अर्थशास्त्रज्ञ एस्थर डुफ्लो यांनी या नव्या शाळांचा फायदा मिळालेल्या आणि न मिळालेल्या मुलांच्या मोठेपणीच्या पगाराची तुलना केली. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा, की शाळेच्या एका जादा वर्षाने पगार सुमारे ६.८ ते १०.६ टक्क्यांनी वाढला. म्हणजे ते नऊ टक्के हुशारीच्या आड लपलेला भास नाहीत.

दुसरी शंका अधिक खोल आहे. मायकेल स्पेन्स यांनी १९७३ मध्ये असं दाखवलं की पदवी हा निव्वळ इशाराही असू शकतो. शिकून माणसाचं कौशल्य वाढलं नाही तरी ‘हा चिकाटीचा आहे’ एवढं मालकाला पदवीवरून कळतं आणि तो जास्त पगार देतो. तसं असेल तर एकाला मिळालेला फायदा म्हणजे रांगेत दुसऱ्याच्या पुढे सरकणं, समाजाच्या पदरात नवं काहीच नाही. काही नोकऱ्यांच्या बाबतीत यात तथ्य आहे, असं मलाही वाटतं. पण शेतकऱ्याचं काय? तो स्वतःच्या शेतात कुणाला पदवी दाखवत नाही. हरितक्रांतीच्या काळात भारतात नवी बियाणी आली तेव्हा प्राथमिक शाळा शिकलेल्या शेतकऱ्यांना त्यांचा जास्त फायदा करून घेता आला, असं अँड्र्यू फॉस्टर आणि मार्क रोझेनझ्वाइग यांच्या १९९६ च्या अभ्यासात दिसलं. वाडवडिलांकडून आलेली शेती करायला शाळा लागत नाही. पण बियाणं बदललं, खताचं प्रमाण बदललं, पाण्याचं वेळापत्रक बदललं की जुना अनुभव पुरत नाही, नवं वाचून, मोजून, ताडून बघावं लागतं. शिक्षणाचा खरा उपयोग परिस्थिती बदलते तेव्हा कळतो, आणि आपल्या काळात ती सतत बदलते आहे.

पगाराच्या पलीकडे एक नुकसान आहे, त्याबद्दल फार कमी बोललं जातं. ते खर्चाच्या बाजूला होतं. कमी शिकलेला माणूस कमी कमावतो एवढंच नाही, त्याच वस्तूसाठी तो अनेकदा जास्त मोजतो. आमच्या वर्गात आम्ही यासाठी एक गणित मुद्दाम घ्यायचो. एक लाखाचं कर्ज, तीन वर्षं, व्याज १० टक्के. दोन सावकार हेच शब्द बोलतात. पहिल्याचे १० टक्के ‘फ्लॅट’ आहेत, म्हणजे पूर्ण एक लाखावर तिन्ही वर्षं व्याज. ते झालं ३० हजार, आणि महिन्याचा हप्ता सुमारे ३,६११. दुसऱ्याचे १० टक्के घटत्या शिल्लकीवर आहेत. दरमहा मुद्दल फिटत जातं आणि व्याज फक्त उरलेल्या रकमेवर लागतं. तिथे हप्ता येतो सुमारे ३,२२७ आणि एकूण व्याज १६ हजारांच्या थोडं वर. पहिल्या कर्जाचा खरा दर काढला तर तो जवळपास १८ टक्के निघतो! हे फळ्यावर मांडल्यावर वर्गात बराच वेळ कुणी बोललं नाही. मग मागच्या बाकावरच्या एका बाईंनी विचारलं, "म्हणजे गेल्या वेळी मी किती जास्त भरले?" आम्ही त्यांचा आकडा काढून दिला. तो इथे लिहीत नाही, पण त्यांनी तो वहीत दोनदा लिहिला होता.

टक्केवारी न समजण्याची ही किंमत. औषधाच्या बाटलीवरची मात्रा, विम्याच्या कागदावरची अट, भाडेकरारातलं एक कलम, अशा प्रत्येक ठिकाणी थोडी थोडी गळती होत राहते.

आता घराबाहेर येऊ. एका माणसाचं शिक्षण अपुरं राहिलं तर ते त्याचं नशीब, त्यात बाकीच्यांचं काय गेलं, असं म्हणणारे असतात. बाकीच्यांचंही जातं. सरळ हिशेब आधी. कमी कमाईवर कर कमी जमा होतो आणि मदतीच्या योजनांवर खर्च जास्त होतो. तिजोरीला दोन्हीकडून ओढ बसते.

मग आरोग्य. यातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट म्हणजे आईचं शिक्षण. १७५ देशांची १९७० ते २००९ या काळातली माहिती एकत्र करून केलेला एक अभ्यास २०१० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. त्या चाळीस वर्षांत पाच वर्षांखालच्या मुलांचे मृत्यू मोठ्या प्रमाणात घटले. त्या घटीतली निम्म्याहून अधिक, म्हणजे ८२ लाखांपैकी ४२ लाख मृत्यूंची घट, स्त्रियांचं शिक्षण वाढल्यामुळे झाली असा अंदाज त्यात मांडला आहे. जुलाब झालेल्या बाळाला पाणी तोडायचं नसतं, उलट मीठ-साखरेचं पाणी पाजायचं असतं. लसीची तारीख चुकवायची नसते. श्वास जोरात चालला की थांबायचं नसतं. हे शिकलेल्या आईपर्यंत लवकर पोहोचतं, आणि तिला डॉक्टरला उलट प्रश्न विचारायचं धैर्यही येतं. जागतिक बँकेने २०१८ मध्ये हिशेब मांडला होता, की मुलींना बारा वर्षं शिक्षण न मिळाल्यामुळे जगाचं आयुष्यभराच्या कमाईत आणि उत्पादनात १५ ते ३० लाख कोटी डॉलरचं नुकसान होतं. पैशाच्या हिशेबात ती वाचलेली मुलं नीट मावत नाहीत, हे मात्र लक्षात ठेवायला हवं.

गुन्हेगारीचंही असंच. लान्स लॉकनर आणि एन्रिको मोरेत्ती यांनी २००४ मध्ये अमेरिकेचा अभ्यास करून दाखवलं, की हायस्कूल पूर्ण करणाऱ्या पुरुषांचं प्रमाण फक्त १ टक्क्याने वाढलं तरी गुन्ह्यांमुळे होणारा वर्षाचा सुमारे १४० कोटी डॉलरचा खर्च वाचेल. न शिकलेला माणूस गुन्हेगार असतो, असा याचा अर्थ अजिबात नाही, आणि तसा काढणं हा कष्टाने जगणाऱ्या कोट्यवधी लोकांचा अपमान होईल. अर्थ एवढाच, की ज्याला प्रामाणिक कामाचा चांगला मोबदला मिळतो त्याला तुरुंगात जाऊन गमावण्यासारखं बरंच काही असतं.

युनेस्कोने २०२४ मध्ये या सगळ्याची बेरीज मांडली. मुलांना किमान कौशल्यंही न मिळाल्यामुळे २०३० पर्यंत जगाला दरवर्षी १० लाख कोटी डॉलरचा फटका बसेल, असा तो अंदाज आहे. ही रक्कम फ्रान्स आणि जपान या दोन देशांच्या एकत्रित वार्षिक उत्पन्नाहून मोठी आहे. अशा बेरजांमागे अनेक गृहीतकं असतात, त्यामुळे मी नेमक्या आकड्याला चिकटून राहत नाही. पण गृहीतकं बरीच आवळली तरी उरणारी रक्कम प्रचंडच राहते.

इथपर्यंत मी ‘शाळेची वर्षं’ मोजत आले. खरी अडचण तिथेच आहे. वर्षं भरली म्हणजे शिक्षण झालं असं नसतं. जागतिक बँकेने २०१९ मध्ये एक साधी कसोटी पुढे आणली: दहा वर्षांच्या मुलाला छोटा, सोपा उतारा वाचून समजतो का? कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत ५३ टक्के मुलांना समजत नव्हता. महासाथीत शाळा बंद राहिल्यानंतर, २०२२ मध्ये, हे प्रमाण ७० टक्क्यांवर गेल्याचा अंदाज होता. यातली बहुसंख्य मुलं शाळेत जात होती. हजेरीपटावर नाव होतं, हजेरी लागत होती, वरच्या वर्गात ढकललीही जात होती.

हे मूल मागे कसं पडतं ते जवळून बघा. दुसरीत जोडाक्षरं अडली. तिसरीत धडे लांब झाले, तोवर त्याचं लक्ष अक्षर लावण्यातच खर्च होत होतं, अर्थापर्यंत ते पोहोचलंच नाही. चौथीत गणिताला शाब्दिक उदाहरणं आली. त्याला गुणाकार येतो, पण उदाहरण वाचता येत नाही, म्हणून गणितातही शून्य. पाचवीपासून इतिहास, भूगोल, विज्ञान सगळं वाचूनच शिकायचं. अभ्यासक्रम वेळापत्रकाप्रमाणे पुढे जातो, शिक्षक पुढच्या बाकांकडे बघून शिकवतात कारण भाग पूर्ण करायचा असतो, आणि हे मूल आठवीपर्यंत गप्प बसून राहतं. दुसरीत काही आठवड्यांत भरून निघाली असती ती त्रुटी सहा वर्षांची होते. मग एक दिवस ते शाळेत येणं थांबवतं आणि कागदावर नोंद होते: ‘गळती’. गळती त्या दिवशी झालेली नसते.

एरिक हनुशेक आणि लुडगर वोसमान यांनी देशांच्या आर्थिक वाढीची तुलना करताना हेच दाखवलं. मुलांना प्रत्यक्षात किती येतं, हे चाचण्यांचे गुण हिशेबात धरले की निव्वळ शाळेच्या वर्षांचा वाढीशी फारसा संबंध उरत नाही. शाळा बांधणं, पट भरणं गरजेचं आहेच, पण त्याच्यावर थांबलेल्या देशाने खर्च पूर्ण केला आणि फळ अर्धंच घेतलं.

इतकं नुकसान असेल तर घरचे मुलांना शाळेतून काढतात तरी का? त्यांना कळत नाही म्हणून, असं उत्तर पटकन दिलं जातं. मला ते अन्यायाचं वाटतं. घरच्यांचा हिशेब त्यांच्या जागेवरून बघितला तर बऱ्याचदा बरोबर असतो. मूल शाळेत गेलं की आजची मजुरी बुडते, ती दिसते. शाळेचा फायदा दहा वर्षांनी येणार, तोही येईल की नाही माहीत नाही. मधल्या काळासाठी कर्ज काढावं तर मुलाची भावी कमाई कुणी तारण म्हणून घेत नाही; जमीन गहाण ठेवता येते, डोकं ठेवता येत नाही. आणि वाचलेले गुन्हे, जमा झालेला कर, जगलेली बाळं, हा फायदा तर त्या घराच्या पदरात पडतच नाही. जो निर्णय घेतो त्याला फायद्याचा एक तुकडाच दिसतो. म्हणून तो समाजाच्या दृष्टीने कमी शिक्षण घेतो किंवा देतो. सरकारने शिक्षणावर खर्च का करायचा याचं आर्थिक उत्तर इथे आहे, त्यात दयेचा प्रश्न नाही.

माहितीही कमी पडते हे खरं. डोमिनिकन रिपब्लिकमध्ये रॉबर्ट जेन्सेन यांनी आठवीतल्या मुलांना विचारलं, की हायस्कूल पूर्ण केल्यावर कमाई किती वाढते असं तुम्हाला वाटतं? मुलांचा अंदाज प्रत्यक्षापेक्षा फारच कमी निघाला, कारण त्यांच्या आसपास शिकून पुढे गेलेली माणसं राहतच नव्हती. काही शाळांमध्ये मुलांना खरे आकडे सांगितले. पुढच्या चार वर्षांत ती मुलं सरासरी ०.२० ते ०.३५ वर्षं जास्त शिकली. फक्त सांगितल्याने. अगदी गरीब घरांतल्या मुलांवर मात्र परिणाम फारसा झाला नाही, कारण त्यांची अडचण माहितीची नव्हतीच, पैशाची होती. मेक्सिकोने १९९७ मध्ये त्या अडचणीला हात घातला. मुलं शाळेत नियमित जात असतील तर सरकार थेट आईच्या हातात पैसे देऊ लागलं, आणि माध्यमिक शाळेत मुलींसाठी रक्कम जास्त ठेवली. माध्यमिकची पटसंख्या वाढली, मुलींची विशेष.

उरतो प्रश्न वेळेचा. अंदाजपत्रक एका वर्षाचं असतं, निवडणूक काही वर्षांनी येते, आणि शिक्षणाचं फळ एका पिढीने दिसतं. अमेरिकेत मिशिगनमधल्या यप्सिलान्टी गावात १९६२ ते १९६७ या काळात गरीब घरांतल्या १२३ मुलांचा एक प्रयोग झाला. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी मुलांची विभागणी केली. ५८ मुलांना तीन-चार वर्षांच्या वयात चांगली बालवाडी मिळाली, शिवाय शिक्षक आठवड्यातून एकदा घरी जाऊन आईशी बोलायचे. बाकीच्या ६५ जणांना यातलं काही मिळालं नाही. मुलं चाळीस वर्षांची होईपर्यंत संशोधकांनी त्यांची माहिती ठेवली. पाच किंवा अधिक वेळा अटक झालेल्यांचं प्रमाण बालवाडीच्या गटात ३६ टक्के, दुसऱ्या गटात ५५ टक्के. कमाई, शाळा पूर्ण करणं, सगळ्यात फरक. जेम्स हेकमन आणि सहकाऱ्यांनी हिशेब केला तेव्हा त्या खर्चावर समाजाला वर्षाला ७ ते १० टक्के परतावा मिळाल्याचं दिसलं. पण ज्या वर्षी तो खर्च मंजूर झाला, त्या वर्षी दाखवायला काय होतं? काही लहान मुलं आणि त्यांची खेळणी.

वय वाढतं तसा हाच हिशेब आखडत जातो, कारण फायदा घ्यायला उरलेली वर्षं कमी होतात. आमच्या वर्गातल्या त्या गृहस्थांना एका वर्षात रजिस्टर भरता येऊ लागलं. सरावासाठी त्यांनी घरी एक वही केली होती, त्यात रोज दिवसभरात आलेल्या-गेलेल्या पेट्यांची नोंद, तारखेसकट. अक्षर मोठं, ओळीवर घट्ट बसवलेलं. मुकादमाची जागा तोवर भरलेली होती, आणि त्या जागेवरचा माणूस अजून बरीच वर्षं निवृत्त होणार नव्हता.